आबांनी मला शिकवलं होतं

माई, आणि जमलेले सगळे,

आबांच्या या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. आबा शेलारांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं या हॉलमध्ये बसली आहेत. माई, तुम्ही तर त्यांच्याशी जन्मभर संसार केलात. बेडशाच्या वरच्या वाडीतली मंडळी तर सकाळपासून चालत आली आहेत. पण आज बोलले नाही तर मी कधीच बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. मध्येच अडले तर सांभाळून घ्या.

आबा प्रोबेशन ऑफिसर होते. पोलिसांनी एखादं मूल आणलं की बाल न्यायालय आम्हाला विचारतं, याला घर आहे का? तिथे परत पाठवावं का? आम्ही जाऊन घर बघायचं आणि अहवाल लिहायचा. त्या कागदावर मूल घरी जातं, नाहीतर संस्थेत.

आबा सातवी पास. मी बी. ए., वर मुंबईची समाजकार्याची दोन वर्षांची पदविका. मी आले त्याच सुमाराला परिपत्रक निघालं, की यापुढे पदविका असलेलाच अधिकारी हवा. आबांना अनुभवामुळे सूट द्यावी असा अर्ज वर गेला होता. उत्तर यायचं होतं. तोवर मला कामात तयार करायची जबाबदारी आबांची.

त्यांची शिकवणी कशी? माझ्या पुढे चालायचे आणि बोलायचे. "बाई, वाडीवर दुपारी माणूस भेटत न्हाई. अंगणात बसायचं. सांजेला ती परत येईस्तवर बसायचं. न बसता लिहिलेला कागद खोटा." आणि एकदा एका झोपडीपुढे थांबून म्हणाले, "दारात काटेरी फांदी आडवी लावलेली दिसली तर ती आधी हात लावून बघा. हिरवी असली तर माणसं दिवसापुरती गेलीत. वाळलेली असली तर मुक्काम हलवलाय." मी मान डोलावली. मनात हसलेही. पदविकेच्या पुस्तकांत फांदीवर धडा नव्हता.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठकी माहीत आहे. तेव्हा ती दहा वर्षांची होती. उन्हाळ्यात मावशीकडे राहून लोणावळा स्टेशनवर करवंदं विकायची. एक दिवस बेवारस म्हणून पोलिसांनी तिला उचललं. आईला वाटलं मावशीकडे आहे, मावशीला वाटलं घरी गेली. तिच्या आईचं घर बघायला मी एकटीच गेले. दाराला फांदी, आत चूल थंड, हाक मारली तर ओ नाही. मला चारची बस गाठायची होती. मी लिहिलं, 'घर ओस. पालकांनी मुलीला टाकून दिलेले दिसते.'

मी नवी, म्हणून अहवालावर आबांचीही सही लागायची. पेन उचलून त्यांनी मला विचारलं, "सांजेपर्यंत बसला होता ना, बाई?"

मी म्हणाले, "हो."

माई, तुमच्यासमोर हे आज पहिल्यांदा सांगते आहे. मी हो म्हणाले. आणि आबांनी सही केली.

ठकी पुण्याला संस्थेत गेली. आठवड्याने तिची आई आबांना शोधत ऑफिसात आली. मी तिथेच होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरीला टाकलं न्हाई, बाई. आमी भाताच्या पेरणीआधी शेतात राब भाजाया गेलतो. हिरवी फांदी लावली व्हती की दाराला. दिसली न्हाई का तुमाला?"

दिसली होती. मी हात लावला नव्हता.

त्या बाईला घेऊन आबा प्रत्येक तारखेला पुण्याला गेले. शेवटच्या तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, हा अहवाल असा कसा झाला? मी उठणारच होते. खरंच उठणार होते का? आज मला खात्री देता येत नाही. माझ्या आधी आबा उठले. म्हणाले, "साहेब, बाई शिकलेल्या आहेत. पण हिकडची रीत मी त्यांना शिकवायला पाहिजे होती. ते माझं राहिलं."

राहिलं नव्हतं हो! आबांनी मला शिकवलं होतं. सगळं शिकवलं होतं. आणि मी त्या कोर्टात खाली मान घालून बसून राहिले.

ठकी दिवाळीनंतर सुटली. संस्थेत तिचे केस बारीक कापले होते. आईने तिच्या डोक्यावर पदर घातला. आबांचं कोर्टातलं ते बोलणं वर पोचलं होतं. महिन्याभरात त्यांच्या अर्जाला उत्तर आलं. जो दुसऱ्याला शिकवू शकत नाही त्याला सूट कशी देणार, असं काहीसं त्यात होतं. आबा घरी बसले. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मी राजीनामा लिहून त्यांच्याकडे घेऊन गेले होते. त्यांनी वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला. "एवढं शिकलाय, ते पोरांच्या कामी येऊ द्या. फकस्त बसत जा, बाई." बस्स. 'तुम्ही खोटं का बोललात' हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात, पदविका घेऊन. पदविका हवीच, मी तिला नावं ठेवत नाही. पण प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी वाडीवर नेते आणि सांज होईस्तोवर अंगणात बसवते. कोणी शिकवलं असं विचारतात. मी आबांचं नाव सांगते, पण पुढचं सांगत नव्हते. उद्या ते सगळं माझ्या सहीने लिहून देणार आहे, आबांच्या फाइलला लावायला. फार उशीर झाला. आबा असताना लिहायला हवं होतं. माई, मला माफ करा असं म्हणायचाही धीर होत नाही.

आता आपण शांत बसू या. दोन मिनिटं म्हणत नाही, घड्याळ बघू नका. कोणाच्या अंगणात वाट बघत बसावं तसं बसू. कोणी परत येणार नाही, हे मला कळतं. तरी या वेळी मी आधी उठणार नाही.