चक्रीच्या खुणा

ताई : गेला हात पंखात. आता?

चिमण्या : ठोकळा रिव्हेटच्या मागे टेकव. मी बाहेरून ठोकणार, तू आतून थोपवायचं. हलू द्यायचा नाही.

ताई : सकाळपासून तेच करतेय. या भोकाच्या कडेनं दंड सोलून निघालाय माझा.

चिमण्या : कडा घासल्यात मी सगळ्या.

ताई : घासल्यास, पण विमानासाठी. माझ्या दंडासाठी नाही.

चिमण्या : माझा हात कोपराशीच अडकतो, ताई. नाहीतर मोठ्या बहिणीला कशाला राबवलं असतं?

ताई : चालू दुकान बंद करून आलेय. दाराला पाटी लावली, 'बाहेरगावी'.

चिमण्या : विमान बांधायला गेलेय असं लिहायचं की.

ताई : म्हणजे गिऱ्हाइकं न शिवलेले कपडे परत न्यायला येतील. ठोक आता. हाताला मुंग्या आल्यात.

चिमण्या : टेकवलास? एक, दोन…

ताई : थांब! ठोकू नकोस.

चिमण्या : काय झालं? बोट आलं का मध्ये?

ताई : नाही. बोटाला काहीतरी लागतंय. बारीक बारीक.

चिमण्या : पत्र्याचा कीस असेल. ड्रिलचा.

ताई : कीस सरकतो. हे सरकत नाहीये. ओळीत आहे.

चिमण्या : रिव्हेटची ओळ असेल.

ताई : रिव्हेट कळतात मला. हे टाचणीच्या टोकाएवढे खळगे आहेत. पंखाची ही आतली बरगडी वरती वळून पत्र्याला चिकटते ना, अगदी त्या वळणावर. जवळजवळ, एकसारखे… अगं बाई! ही तर माझी चक्री.

चिमण्या : कुठली चक्री?

ताई : खुणा करायची. दातेरी. कापडावर फिरवते ती. तुझा अंगठा प्लास्टरमध्ये होता तेव्हा पंखाच्या बुडाच्या बरगड्या मी नाही का आखून, कापून दिल्या?

चिमण्या : पेनानं आखल्यास. मी पेन दिला होता तुला.

ताई : पेनानंच आखल्या. पण या पत्र्यावर शाई धरत नाही रे. माझ्या तळहाताला घाम, जरा हात टेकला की वळणाची रेघ गायब. तीन वेळा मापं घेतली. मग म्हटलं, खूण पक्की असावी. चक्री फिरवली आणि वरून परत पेन.

चिमण्या : वळणावरच?

ताई : हो. काय रे? रिव्हेट ठोकायची गन का खाली ठेवलीस?

चिमण्या : हात बाहेर काढ.

ताई : एवढी एक ओळ तर राहिलीये.

चिमण्या : काढ ना, ताई. हळू. हं. बस इथे. आता मला नीट सांग. चक्री कुठल्या बाजूनं फिरवलीस?

ताई : उलट्या.

चिमण्या : उलट्या म्हणजे?

ताई : म्हणजे मागच्या. शिंपीण आहे मी. सुलट बाजूला कुणी चक्री फिरवतं का? खुणा दिसतात. तुझ्या पत्र्याला एका बाजूला ती निळी फिल्म होती, ती धरली उलटी बाजू. फिल्मवरून फिरवली. चांगला जोर देऊन, हं. कापडाच्या दुप्पट.

चिमण्या : फिल्मची बाजू वर ठेवून मी त्या साच्यावर वाकवल्या. हातोड्याचे व्रण पडू नयेत म्हणून फिल्म तशीच ठेवली होती.

ताई : मग बरोबर ना?

चिमण्या : आणि नंतर फिल्म सोलून रंग तू दिलास.

ताई : तूच सांगितलंस. एका हातानं तुला डबा धरता येत नव्हता. दिसल्या मला खुणा. मला वाटलं, रंगात बुजतील. चिमण्या, तुझा चेहरा असा का झालाय?

चिमण्या : काही नाही.

ताई : लहानपणी माझ्या कटिंगच्या टेबलावरून उडी मारून दात पाडलास, तेव्हाही काही नाहीच म्हणालास. तोंड मिटून. सांग मला.

चिमण्या : पावतीपुस्तकातली पावती कुठून फाटते?

ताई : टिंबांवरून.

चिमण्या : तसंच.

ताई : हा काय कागद आहे? अॅल्युमिनियम आहे!

चिमण्या : पत्रा वाकवला की वळणाच्या आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. आतल्या बाजूला ओरखडा असेल तर एक वेळ निभावतं. बाहेरच्या बाजूला असेल तर ताण नेमका तिथे गोळा होतो, आणि तुझ्या खुणा बाहेर आल्यात. आणि वर गेल्यावर पंख स्थिर नसतो, ताई. सारखा लवतो. केसभर वर, केसभर खाली. तासन्‌तास.

ताई : लगेच तुटेल?

चिमण्या : लगेच तुटला असता तर बरं. जमिनीवर तुटला असता.

ताई : देवा.

चिमण्या : अगं, काहीच नसेल कदाचित. नुसते खळगे असतील. रंगाचा जाड थर आहे. आणि तपासनीस येऊन गेले ना? बॅटरी लावून सगळा पंख आतून बघितला, म्हणाले, बंद करा.

ताई : त्यांनी बोट फिरवलं?

चिमण्या : बोट कोण फिरवतं?

ताई : मी फिरवते. मला शिवण आधी बोटाला कळते, मग डोळ्याला. तेव्हा कसं नाही कळलं? हातमोजे होते. तू दिलेले रंगाचे हातमोजे.

चिमण्या : ताई, श्वास घे.

ताई : ती चौथी कुठाय?

चिमण्या : कुठली?

ताई : चौथी बरगडी. तिची एक बाजू तू उलटी वाकवलीस आणि फेकून द्यायला निघालास. ती पण मीच आखली होती. त्याच दिवशी, त्याच चक्रीनं.

चिमण्या : ती बघ, खिळ्याला. तिच्यावर फडकी वाळत घालतो मी.

ताई : तपास.

चिमण्या : आत्ता?

ताई : नोकरीवर लिफ्टच्या दोराच्या कप्प्यांना तडा गेलाय का बघायला तू तो लाल फवारा मारतोस ना? दाखवला होतास एकदा, मोठ्या ऐटीत. कुठाय तो?

चिमण्या : पिशवीत आहे. आधी रंग उतरवायला लागेल.

ताई : मग उतरव. मी पुसते. नाही, तू पूस. माझा हात नको लागायला.

(रंग उतरतो. लाल फवारा मारून, थांबून, पुसून होतो. वर पांढरी भुकटी बसते. बरगडी खिडकीपाशी टेबलावर.)

चिमण्या : आता बघत बसायचं. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग भुकटी वर ओढून घेते.

ताई : किती वेळ?

चिमण्या : येईल तेव्हा येईल.

ताई : तू वर जाणार त्या दिवशी मी बघायला येणार नव्हते.

चिमण्या : माहितीये. तू सूट शिवायला घेतला असतास. अस्तरवाला.

ताई : पाच वर्षं झाली तुला हे खूळ लागून. शिलाई मारता मारता मी तुझे अपघात घडवते मनात. वाऱ्यानं, इंजिन बंद पडून, पेट्रोल गळून. एकदा तर बगळा येऊन धडकला. लोकांना वर न्यायची नोकरी आहे ना तुला, म्हटलं, तेवढं वर जाणं पुरत नाही याला? पण एवढ्या सगळ्या अपघातांत माझा हात कधी नव्हता रे.

चिमण्या : ताई…

ताई : लाल आलं.

चिमण्या : कुठे?

ताई : इथे. ठिपका. हा दुसरा. अरे, सगळ्या ओळीत यायला लागले.

चिमण्या : ते येणारच. खळगे आहेत, खळग्यांत रंग राहतो. ठिपके येऊ देत. ठिपक्यांच्या मधल्या जागेत काही यायला नको.

ताई : आणि आलं तर?

चिमण्या : बघ फक्त. बोलू नकोस.

(चिमण्याची बायको चहा घेऊन आत येते.)

बायको : चहा ठेवू कुठे? इथे नेहमीप्रमाणे जागा नाहीच. काय झालं? दोघं असे का बसलात, ऑपरेशन चालू असल्यासारखे?

चिमण्या : काही नाही. रंगाचा नमुना बघतोय.

बायको : पांढऱ्यावर लाल? शोभेल. ऐक ना, माझी रजा मंजूर झाली. तुझं पहिलं उड्डाण झालं की दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर. आता मागे फिरायचं नाही, एक्स-रे खात्यात सगळ्यांना सांगून बसलेय. साहेब म्हणाले, परत आल्यावर तुमचाही एक काढून ठेवू. ताई, तुम्ही का रडताय?

ताई : धूळ गेली डोळ्यात.

बायको : दोन्ही डोळ्यांत? बघू ते. असं उजेडाकडे धर.

चिमण्या : हात लावू नकोस, भुकटी पुसली जाईल.

बायको : नाही लावत. तू तिरकं कर. अजून थोडं… हं. इथून सुरू होतेय, आणि इथपर्यंत गेलीये.

चिमण्या : काय?

बायको : मला काय विचारतोस? भेग. मी दिवसभर काळ्या काचेवर हेच बघते. इथे ठिपके सुटे आहेत. या कोपऱ्यात जोडले गेलेत. रंगाचा नमुना म्हणे.

ताई : कुठे जोडले गेलेत? मला दाखव.

बायको : या इथे. केसाएवढी आहे. काय आहे हे? कुणाचं हाड?

ताई : पंखाची बरगडी. मी आखलेली. अशाच तीन आत बसल्यात. दोष माझा आहे, त्याला काही बोलू नकोस.

बायको : मी कुठे काय बोलले?

चिमण्या : ही टाकलेली होती. हिला मी उलटी वाकवली, मग सरळ केली, परत वाकवली. हिचे हाल झालेत. आतल्या एकदाच वाकवल्यात. त्यांना नसेलही काही.

बायको : पेशंटही असंच सांगतात. दुखत नाही, मग फोटो कशाला?

चिमण्या : अगं, तुला कळतंय का, त्या कुठे आहेत ते? पंखाच्या बुडाशी. सगळा भार तिथे. त्या काढायच्या म्हणजे आज ठोकलेलं उसवायचं, वरचा पत्रा उसवायचा, तो परत बसेल याची खात्री नाही. ही भाड्याची शेड महिनाअखेर सोडायचीये. तपासनिसांना परत बोलवायचं आणि सांगायचं काय, बहिणीनं चक्री फिरवली?

ताई : सांग. नाव घालून सांग.

चिमण्या : तसं नाही, ताई.

ताई : तू आत्ता काय म्हणालास? सगळा भार तिथे. तूच म्हणालास.

चिमण्या : मी हळू चालवीन. जोराच्या वाऱ्यात काढणार नाही. दर दहा तासांनी आत आरसा घालून बघेन.

बायको : आणि मी मागे बसून काय करू? बोटं मोडू?

चिमण्या : तू बसू नकोस मग!

बायको : असं आहे होय? म्हणजे माझ्यासाठी नको आणि तुझ्यासाठी चालेल.

ताई : चिमण्या, तू कर काय करायचं ते. पण आत हात मी घालणार नाही.

चिमण्या : अगं, एक ओळ राहिलीये.

ताई : राहू दे. दुसरा हात शोध. शेजारच्या दुकानातून आण कुणाचा तरी. माझ्या हातानं हा पंख बंद होणार नाही.

चिमण्या : तूच तर…

ताई : बोल. मीच तर काय?

चिमण्या : काही नाही.

ताई : बोलून टाक, म्हणजे मोकळा होशील. मीच तर बिघडवला.

चिमण्या : नाही. मला ते बोलायचं नव्हतं. माझ्या हातात प्लास्टर असताना तूच तर काम थांबू दिलं नाहीस, असं म्हणणार होतो. नाहीतर मी तेव्हाच सोडलं असतं. ताई, मला त्या भेगेची नाही एवढी भीती वाटत. हा पंख आता उघडला ना, तर तो परत बंद करायची ताकद माझ्यात उरेल की नाही, याची वाटते. असंच पडून राहील सगळं. येणारा जाणारा विचारेल, काय झालं हो तुमच्या विमानाचं?

बायको : विचारू देत. उत्तर द्यायला तू असशील तरी. शेडवाल्याशी मी बोलते. त्याच्या आईचा गुडघा मीच बघितलाय, आणखी दोन महिन्यांना तो नाही म्हणणार नाही. रजा उद्या मागे घेते. चहा निवला, परत करून आणते. ताई, साखर?

ताई : घाल. जास्त घाल.

चिमण्या : …अजून एक लाल रेघ आली.

ताई : कुठे?

चिमण्या : या टोकाला. आत्ता नव्हती. ताई, उभी राहतेस? ते ड्रिल दे इकडे. बारीक टोकाचं.

ताई : हे?

चिमण्या : हं. सकाळची ओळ आधी काढू. मग वरचा पत्रा. रिव्हेट उडवताना मागून आधार नसला तर पत्रा आत दबेल. हात घाल आत.

ताई : माझा?

चिमण्या : दुसऱ्या कुणाचा जातोय?

ताई : थरथरतोय रे.

चिमण्या : ठोकळा जड आहे. धरलास की थांबेल.