पेटीवरची दुसरी बोली

— बंद करा जी तो फोन, बंद करा. माह्याच हातात वाजून राहिला, दिसते मले, आंधळी नाही मी. तुमी तिकडून त्या दिवशी आलेला नंबर लावला अन् तो इकडं माह्या हातात वाजला, म्हनजे जे समजाचं होतं ते समजलं तुमाले, मंग आता कायले वाजवता? बसा. त्या खुर्चीवर बसा, उभे नका राहू — परका मानूस दारात उभा दिसला का शेजारी गोळा होतात, अन् दादा चौकात गेला आहे मानसं पाहाले, तुमी घेतलेली ती आर्गनची पेटी उचलाले चार जन तरी लागतात, तो वापस येते आत्ता. तो यायच्या पहिले हे आपल्या दोघांतच मिटलं पाहिजे. हो, मीच पार्वता. आनंदरावची सख्खी बहीन, लहान. याच गावात देलं मले, मांगच्या गल्लीत घर आहे माहं. अन् हो — तुमच्यासमोर जी दुसरी बोली लागत होती ते माह्याच फोनवरून लागत होती. नाही म्हनून कसं चालन आता?

पन भाऊ, दारात पाय ठेवल्याबरोबर तुमी जो शब्द काढला ना — फसवनूक — तो मले नाही आवडला. नासिकवरून गाडी घेऊन आले तुमी, एवढा लांबचा रस्ता, राग येईल, मानते मी. तुमचं म्हननं बी समजते. फोनवरच्या लिलावात किमान किंमत ठेवली नोहती, म्हनजे शेवटची बोली ज्याची त्याची वस्तू, मंग ते किती का कमी राहेना. अन् तुमी एकटेच राहिले असते तर अर्ध्यात भेटली असती तुमाले. मधात घरचंच मानूस बसवलं, भाव चढवला, अन् तुमच्या गळ्यात मारली — असंच ना? लोकं करतात म्हने असं. करत असतील. माह्या दादानं नाही केलं. त्याले यातलं काहीच माहीत नाही, एवढं डोस्क्यात ठेवा अन् मंग करा काय तक्रार कराची ते. लिलावाच्या कंपनीले लिहाल, ते त्याच्या नावापुढं लबाड म्हनून शिक्का मारतील, अन् त्याले फोन करून कारन सांगतील. तेच नको मले. शिक्क्याचं नाही एवढं — ते कारन नको.

कोनी लावली मंग? मी लावली. मीच. मायबापाच्या घरची वस्तू, म्हनलं जाऊ नाही द्याची, माह्या घरी राहीन. — वाजवता? नाही येत वाजवता. सगळ्यायले वाजवता आलं पाहिजे असं आहे का? — कोनता आवाज? हां, त्या दिवशी फोन केला होता तो. तुमीच तर फोटोखाली नंबर टाकून विचारलं होतं ना दादाले, भात्याले भोक आहे का म्हनून, तिथूनच घेतला नंबर. तुमाले म्हनलं का भाऊ, सोडा ही पेटी, दुसरी पाहा — अन् ठेवून देला. आवाज बारीक होता म्हनता, माहा घोगरा आहे म्हनता. आता फोनमधी आवाज कसा बी येते जी, अन् ती तर घाबरली होती, घाबरल्यावर कोनाचा बी आवाज —

कुठं चाल्ले? बसा. आतमधी नका जाऊ. निघालं माह्या तोंडातून, आता वापस थोडी जाते ते. बसा, सांगते सगळं, पन हळू बोला.

वहिनी होती ते. रत्नमाला. दादाची बायको. आत्ता पानी देऊन गेली ना तुमाले, तीच.

तुमच्या नासिकले नाटक कसं राहते मले नाही माहीत. आमच्याकडं धान निघालं का गावोगावी मंडई भरते, जत्राच म्हना, अन् मंडईच्या रात्री नाटक. स्टेजच्या एका कडेले आर्गनवाला बसते, पायानं भाता मारते, हातानं सूर देते, अन् रातभर गानारीच्या गळ्याले धरून राहते. माहा दादा तो. अर्धी हयात गेली त्याची त्या पेटीवर. जयंतीच्या मिरवनुकीत सुद्धा ट्रॉलीवर चढवून न्याचा, आमचा अख्खा आसगाव तिच्यामांगं चालाचा. वहिनी नवी नवी आली ना घरात, तवा तिले लई राग होता त्या पेटीचा. नवरा सुगीनंतर महिने-महिने बाहेर, अन् घरी आला तरी पहिले पेटी पुसनार मंग पोरायकडं पाहनार. मले म्हनाची, ताई, माही सवत आहे ते. अन् तिनंच — पाहा आता तुमी — तिनंच मंग ब्लाऊज शिवून शिवून जमवलेले पैसे तिच्यावर लावले.

झालं काय, का मांगच्या मंडईच्या सीझनले दादा बपेऱ्याले गेला होता नाटकाले. डावा कान त्याचा मंद झाला होता, कोनाले सांगतलं नोहतं त्यानं. नायिका गाऊन राहिली अन् हा एक पट्टी वर. त्याले वाटून राहिलं बराबर आहे. ती थांबली गाता-गाता. थांबली अन् खाली वाकून पाहिलं तिनं त्याच्याकडं, अन् पब्लिकनं हुर्यो केली. एवढंच. कोनी मारलं नाही, शिव्या देल्या नाही. पुढच्या नाटकाले मालकानं तो हाताखाली मावनारा कीबोर्ड आनला, अन् दादाले म्हनला, आनंदराव, तुमच्या आर्गनले गाडीत जागा लई लागते. दादा घरी आला. पेटीवर चादर टाकली. त्या खोलीत जानं बंद केलं त्यानं. वहिनीनं एक दिवस धूळ झटकाले चादर उचलली तर म्हने, हात नको लावू. ओरडून नाही, असंच, हळूच. ओरडला असता तर बरं झालं असतं, म्हने वहिनी.

मंग त्यानं स्वतःच ते फोटो काढून लिलावात टाकले. वहिनी समोर तांदूळ निवडून राहिली होती. तो फोनमधी वाचून दाखवत होता, नाव काय, लाकूड कोनतं, अन् किमान किंमत ठेवाची का. म्हने, नाही ठेवत. जे येईल ते. कोनी फुकटात नेली तरी नेऊ दे. आता भाऊ, तुमाले ते म्हनजे लिलावाचा एक नियम. वहिनीनं काय ऐकलं माहीत आहे का? तिले वाटलं, हा पेटीची किंमत नाही सांगून राहिला, स्वतःची सांगून राहिला. तांदूळ तसाच टाकून माह्या घरी आली ती. म्हने, ताई, तुह्या फोनवरून घेऊ, अन् तुह्या कोठीत ठेवू, उद्या त्याचं मन वापस आलं तर पेटी तरी गावात पाहिजे ना. मी म्हनलं, सरळ सांग ना त्याले नको विकू म्हनून. तर म्हने, सांगतलं तर तो आरीनं कापन त्या पेटीले. अन् मले बी वाटलं का कापन.

पहिल्या दिवशी कोनी आलंच नाही बोलीले. एकटी वहिनीच. ती खुश, का भेटली आता. अन् दादा? दादा दर घडीले फोन पाहे अन् खाली ठेवे. जेवला नाही धड. एकच जन आहे म्हने, तो बी चिल्लर लावून बसला आहे. अन् दुसऱ्या दिवशी तुमी आले. तुमची बोली चढली, तिची चढली, मंग तुमची. अन् भाऊ, काय सांगू तुमाले — तो मानूस उठून उभा झाला. चौकात गेला. म्हने, दोघं जन भांडून राहिले माह्या आर्गनसाठी, एक नासिकचा आहे, दुसरा कोन आहे कोन जाने, पन सोडून नाही राहिला. घरी येऊन चादर काढली त्यानं. आतल्या सुराच्या रिडा साफ केल्या, भात्याले तेल-पानी केलं, म्हने एवढे लोकं भांडतात तर चांगली करून देली पाहिजे. अन् वाजवली बी. चूक वाजवली असन, मले नाही समजत. वहिनी दाराआड उभी राहून ऐके.

मंग ती फसली ना. सोडाव तर पेटी जाते, लावाव तर पैसे संपून राहिले. तवाच तिनं तुमाले फोन केला, अन् तुमी उत्तर देयाच्या पहिले ठेवून देला. मी म्हनलं, थांब आता, हे बराबर नाही, तो नासिकचा मानूस बी आपल्या कष्टाचेच भरून राहिला असन. हो, म्हनलं मी असं. तर ती म्हने, ताई, दोन जन राहिले तवाच तो जेवला. अन् लावत राहिली. शेवटची बोली तुमची झाली तवा तिच्याजवळ लावाले काही उरलं नोहतं. फोन माह्या हातात देला अन् घरी जाऊन भाजी चिरत बसली.

म्हनून म्हनते, तुमी खरे आहात. मालकाच्या घरच्यानं बोली नाही लावाची, हा नियम आहे, अन् तो मोडला. तुमाले ज्यादा पडलं ते मी भरते, हळूहळू भरते, पन भरते. — मोडता? सौदा मोडून पेटी इथंच ठेवता म्हनता? मले वाटलंच तुमी मानूस वाईट नाही. पन काय सांगाल त्याले? का दुसरा कोनी नोहताच, तुही बायको होती, अन् मले बी आता नको? मंग तर कोनालेच नको होती ते, असंच होईल ना त्याच्या मनात. अन् नेली तर ही आतमधी मरते. मले नाही समजून राहिलं भाऊ, खरंच नाही समजून राहिलं. तुमी फक्त त्याले नका सांगू. एवढं एक —

चूप. आला.

ये दादा. मानसं भेटले का? बरं, येतात मांगून. हे पाहा, हे वीरेंद्रभाऊ, नासिकवाले. बोलत बसलो असेच, रस्त्याच्या गोष्टी. — काय? ते कायले विचारतो रे यायले? यायले कसं माहीत राहीन? भाऊ, तो विचारून राहिला, तुमच्यासंग भांडनारा तो दुसरा कोन होता, समजलं का तुमाले. म्हने, नंबर असन तर द्या, एक फोन करतो त्याले, का बाबा तुह्या हाती नाही लागली, वाईट नको मानू, तुनं लई हिंमत केली. — नाही दादा, कंपनी नाही सांगत तसं. हो ना भाऊ? बोला ना. असे खाली पाहू नका, बोला.

वहिनी, तू काहून आली बाहेर? काही नाही झालं. जा तू. वहिनी. नको.

बोलली. ऐकलं ना तुमी? मी होती, म्हने. एवढंच, अन् उभी आहे.

दादा, खाली बस. उभा नको राहू असा, बस त्या पायरीवर. तिच्याकडं तसा नको पाहू, तिचं काही — काय म्हनतो रे? जोरानं बोल. काहून थांबली? तिले विचारून राहिला तू, बोली लावता-लावता काहून थांबली म्हनून?

उठा भाऊ. उठा म्हनते ना. तुमची पेटी, तुमची तक्रार, तुमचे ज्यादाचे पैसे, सगळं बोलू, पळून नाही जात आमी. पवनीले जाऊन जेवून घ्या, गाडी बी घेऊन जा, दारात नका ठेवू. मी बी निघते तुमच्यासंग. वळून नका पाहू आता. दार मी लावते.