जमिनीच्या जागी कोंबड्या

प्राध्यापिका : परीक्षकांपैकी एकानंही पुस्तक उघडलेलं नाही. मला किळस आलीय.

नवरा : उद्या तू त्यांच्याच हातून पुरस्कार घेणार आहेस.

प्राध्यापिका : हे वाच. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलाम सुटले, त्यांना कसायला जमीन मिळाली. आता पान उलट.

नवरा : 'खुडूक कोंबडीला शक्यतो मारू नये.' हे तिथल्या राज्यघटनेत आहे?

प्राध्यापिका : छापखान्यात आहे. माझं पुस्तक आणि कुक्कुटपालनाचं पुस्तक एकाच वेळी बांधायला होतं. त्यांची पानं माझ्यात आली, माझी त्यांच्यात गेली. सगळ्या प्रतींत.

नवरा : आणि वर्षभर कुणाला पत्ता नाही?

प्राध्यापिका : कोंबडीवाल्यांना होता. त्यांनी आठवड्याभरात प्रती परत पाठवल्या. म्हणाले, रोगांच्या प्रकरणात अमेरिकेची संसद निघाली. काहींनी तोही रोगच समजून चालवून घेतलं. छापखानेवाला मूग गिळून बसला. आज उद्यासाठी उतारा शोधताना मला हे दिसलं, मी प्रकाशकाला फोन केला, त्यानं छापखान्याला, तेव्हा कुठे छापखानेवाल्यानं तोंड उघडलं.

नवरा : तूही वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतंस म्हणजे.

प्राध्यापिका : आठ वर्षं तेच वाचत होते मी. छापून आल्यावर वास घेतला आणि कपाटात ठेवलं.

नवरा : पण परीक्षणं काय सुंदर आली होती गं.

प्राध्यापिका : एकानं लिहिलंय, 'लेखिका खुराड्याचं रूपक संयमानं हाताळते.'

नवरा : म्हणजे त्यानं तरी वाचलं.

प्राध्यापिका : त्याची तर जास्त शिसारी येते. तू वाचलंस म्हणाला होतास ना? कुठलं प्रकरण आवडलं?

नवरा : ऋणनिर्देश. त्यात मी होतो. मग म्हटलं, याहून वर काय जाणार.

प्राध्यापिका : चष्म्याचं दुकान आहे तुझं.

नवरा : म्हणूनच. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो. घरी आल्यावर अक्षर दिसलं की मळमळतं. प्रकाशक काय म्हणतो?

प्राध्यापिका : गप्प राहा, पुरस्कार घ्या, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. दुसरी कधी, तर पहिली संपल्यावर. तुला कळतंय का कुठली पानं गेली? जमीन दिली, आणि वर्षही उलटायच्या आत सरकारनं ती जुन्या मालकांना परत द्यायला काढली. हातानं पेरलेली शेतं सोडून माणसं निघाली. तेवढं सांगण्यासाठी मी आठ वर्षं घालवली. आता माझ्या पुस्तकात त्यांना जमीन मिळते, मग कोंबड्या येतात, मग समारोप.

नवरा : शेवट गोड वाटतो.

प्राध्यापिका : तेच तर. तिथं जमीन एकदा गेली ती गेलीच, माझ्या पुस्तकात तर गेल्याची नोंदही उरली नाही.

नवरा : मग उद्या काय वाचणार?

प्राध्यापिका : जे छापलंय ते.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तीच खोली. टेबलावर काचेचं मानचिन्ह.)

नवरा : वाचताना कुणी थांबवलं का?

प्राध्यापिका : कोंबड्यांची विष्ठा किती दिवसांनी काढावी, इथपर्यंत पोचले. पहिल्या रांगेत एक बाई डोळे टिपत होत्या. शेवटी मीच म्हटलं, हे अमेरिकेबद्दल नाही, कोंबड्यांबद्दल आहे. तुम्ही कुणीच वाचलेलं नाही.

नवरा : मग?

प्राध्यापिका : टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, विद्वत्तेला विनोदाची जोड दुर्मिळ. मग प्रमुख पाहुणे उठले. म्हणाले, अखेर कष्टकऱ्यांना हक्काची जमीन मिळाली, हे बाईंनी पुराव्यानिशी दाखवलं.

नवरा : अरे देवा.

प्राध्यापिका : मी मानचिन्ह खुर्चीवर ठेवून निघून आले.

नवरा : मग हे काय?

प्राध्यापिका : संयोजकांनी धावत येऊन रिक्षात ठेवलं. म्हणाले, विसरलात. हात धुवून येते मी. तुझ्या हातात काय आहे?

नवरा : तुझी टाइप केलेली प्रत. माळ्यावर होती. दुकान बंद ठेवलं आज.

प्राध्यापिका : सकाळपासून वाचतोयस?

नवरा : हळू वाचतो मी. तळटिपाही वाचाव्या लागतात ना?

प्राध्यापिका : लागतात. कुठवर आलास?

नवरा : जमीन मिळालीय. बी पेरून झालंय. एका म्हातारीनं कुंपण घातलंय.

प्राध्यापिका : जमीन जाते ते पुढचंच प्रकरण आहे.

नवरा : माहितीये. तू सांगितलंस काल. म्हणून इथेच खूण घालून थांबलोय. आजचा दिवस राहू दे त्यांच्याकडे.