मूठ नसलेला शिक्का

समारंभाचे अध्यक्ष ललितराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या रोहिणीताई पगारे, घोटीहून गाड्या करून आलेले सभासद, आणि गंगापूर रोडच्या या सभागृहातील माझ्या बंधुभगिनींनो,

बोलण्याआधी इथं माझ्या हातचं काय आहे ते सांगू द्या. टेबलावरच्या नावांच्या पाट्या माझ्या. दाराजवळची पितळी पाटी माझी. ताईंना द्यायच्या मानचिन्हावरची अक्षरं मी कोरलीत. आपल्या पतसंस्थेचे सगळे शिक्के, 'रोख मिळाले'पासून गोल शिक्क्यापर्यंत, माझेच. अध्यक्षांची पाटी तिरपी दिसतेय. ती ठेवताना तिरपी झालीय, बनवलेली सरळ आहे.

मी गोटीराम भोर. हे काम मला कुणी शिकवलं नाही. लोकांनी टाकून दिलेले शिक्के आरशासमोर धरून उलटी अक्षरं वाचायला शिकलो. त्याचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

ताईंच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी एकच प्रसंग सांगतो. तो सांगू नका, असं त्यांनी बजावलं होतं. ताई, आज तेवढं ऐकत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "काका, फोटो पाठवलेत, तसे शिक्के करून द्या." मी व्हॉट्सॲप उघडलं. अंगठ्यांचे ठसे!

"हे कुणाचे?"

"गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचे. पेन्शनसाठी हेलपाटे पडतात हो त्यांना. पुण्य लागेल तुम्हाला."

"मूठ लाकडी देऊ की प्लॅस्टिकची?"

"मूठ नको. नुसतं पातळ रबर द्या."

मंडळी, शिक्क्याला मूठ नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. मूठ कुणाला नको असते? ज्याला शिक्का कागदावर मारायचा नाही, स्वतःच्या बोटावर चढवायचाय, त्याला. त्यानं रक्कम सांगितली. मी नकार दिला. तो जाताना हसला. "नाशकात तुमचं एकट्याचंच दुकान आहे का, काका?"

फोटो माझ्या फोनमध्ये राहिले. ते घेऊन मी ताईंच्या घोटी शाखेत गेलो. ताईंची पद्धत सभासदांना ठाऊक आहे. समोरच्याचा अंगठा त्या स्वतःच्या हातात घेतात, ओल्या फडक्यानं पुसतात आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत हळू फिरवतात. घाईत टेकवलेला ठसा त्यांना चालत नाही. फोटो बघता बघता त्या एकावर थांबल्या. ठशावर आडवा व्रण होता, भात कापताना लागलेल्या विळ्याचा.

"ही आपली सिंधुबाई," त्या म्हणाल्या.

सिंधुबाईंच्या बँकेच्या खात्यात त्यांच्या यजमानांच्या, रंगनाथरावांच्या, ऑपरेशनचे पैसे होते. ताईंनी पोलिसांना कळवलं आणि तशाच निघाल्या. सिंधुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "अंगठा तर माझ्या हातालाच हाय की बाई! चोरीला कसा जाईल?"

"मावशी, तुम्ही तो जिथं जिथं उमटवलात, तिथं त्याची नक्कल राहिलीय."

"मग आता काय हात धुऊन काढू?"

हात धुवायची गरज पडली नाही. नात हर्षालीनं मोबाइलवरून आधारच्या ठशांना कुलूप लावलं. ऑपरेशन झालं. रंगनाथराव आज समोर बसलेत, हात वर करतायत बघा.

बाकीचे ठसे ओळखू येईनात, म्हणून ताई सगळ्या आळीला सांगत सुटल्या. शेजारचे केरूभाऊ म्हणाले, "ओ बाई, माझा अंगठा नेऊन कोण काय करणार? मला लय कामं पडलीत." ताई पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. मग एका बाजाराच्या दिवशी केरूभाऊ घोटीत भाजी विकत असताना, कुठल्या तरी गावात, आधार आणि अंगठ्यावर बँकेतले पैसे काढून देणाऱ्या मशीनवर त्यांचा अंगठा लागला आणि म्हैस विकून ठेवलेले पैसे गेले. तक्रार चालू आहे. पैसे आलेले नाहीत. केरूभाऊही आज आलेले नाहीत.

याचा अर्थ काय? तो शिक्का कुणीतरी करून दिला. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी, माझ्यासारख्याच हातांनी. ते मला सहन होत नाही, म्हणून आज उभा राहिलो.

तेव्हा ताईंना निरोप द्यायचा तर असा द्या. घरी गेल्यावर ठशांना कुलूप लावा. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. पैसे गेल्याचा मेसेज आला तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा. आणि कुणी घाईनं अंगठा मागितला, तर ताई तो किती हळू फिरवायच्या ते आठवा.

संस्थेनं मला बोलू दिलं, आपण ऐकलंत, ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा पडला असेल, तर पोटात घाला. चूक जिभेची आहे, हाताची नाही.

राहता राहिली ती रक्कम. ललितराव मघापासून विचारतायत. साध्या शिक्क्याचे मी अडीचशे रुपये घेतो, मुठीसकट. त्या माणसानं एका अंगठ्याचे पाच हजार देऊ केले होते. सिंधुबाईंच्या अंगठ्याचे पाच हजार, केरूभाऊंच्या अंगठ्याचेही पाच हजार. मी नाही म्हणालो.