मधल्या भागाला तीन

(अमरावतीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार वामनराव, त्यांची बायको सुभद्रा आणि डोळे तपासणारी आरती.)

वामनराव : दोन लिही ना पोरी. तीन काहून लिहून राह्यली?

आरती : काका, फोटोत दिसतं तेच लिहिते.

सुभद्रा : सवय हाय त्याइची. दुकानातबी असंच करतेत.

वामनराव : तू मंधात बोलू नको वं. मोतीबिंदू काढला, नवी लेन्स बसवली. मंग हा मळ आला कुठून?

आरती : लेन्स स्वच्छ आहे. ती ज्या पातळ पिशवीत बसवलीय, तिची मागची बाजू धुरकट झालीय. बऱ्याच जणांची होते. हा गोल फोटो बघा. याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग किती दाट ते मोजायचं. शून्य म्हणजे साफ, चार म्हणजे पार झाकलेलं. कडेला एक आहे, मध्ये तीन.

वामनराव : मंग कडेचा लिही.

आरती : व्यापाऱ्यानं बांधावरचं एक हलकं झाड पाहून तुमच्या सगळ्या संत्र्यांचा भाव केला, तर द्याल?

सुभद्रा : देतेत कुठचे! मांगच्या साली एकाले चहा न पाजता वापस धाडला.

वामनराव : हासा तुमी. परवा व्यापारी येऊन राह्यला बाग पाहाले. कागदावर तीन दिसले तं आमचा किशोर म्हणन, बाबा, आता तुमी घरी बसा, मी पायतो. बागंतून उठवलं तं म्या दिवसभर करू काय?

सुभद्रा : माह्या सैपाकाले नावं ठेवसान.

आरती : काका, लेसरनं तो मधला भाग मोकळा करता येतो. डॉक्टर बघून सांगतील, फार वेळ लागत नाही. त्रास काय होतो ते नीट सांगा.

वामनराव : तरास काई नाई. सकाळी धुकं राह्यते थोडं.

सुभद्रा : भादव्याच्या उन्हात धुकं! अन् कोळशीचं सांगा ना तिले.

आरती : कोळशी?

सुभद्रा : संत्र्याच्या पानावर काजळी चढते, तो रोग. याइले साऱ्या बागंत दिसली.

वामनराव : होतीच. पानं मळकट दिसत होते. फवारणी केली तवा कमी झाली.

आरती : शेजारच्या बागेत?

वामनराव : तिथंबी होती.

सुभद्रा : देवळाच्या कळसावरबी होती म्हणा.

वामनराव : ... म्हंजे कोळशी नोती?

सुभद्रा : नोती.

वामनराव : तुले माईत होतं? अन् फुकट औषध मारू देल्लं?

सुभद्रा : औषध कुठं होतं? किशोरनं टाकीत पाणी भरलं. वासापुरतं निमतेल टाकलं.

वामनराव : अन् म्या त्यालेच म्हटलं, पाय कसा फरक पडला.

सुभद्रा : म्हटलं.

वामनराव : हासला असन लेकाचा.

सुभद्रा : नाई हासला. इथची वेळ घेतली. अन् आज सकाळी व्यापाऱ्याले फोन केला, परवा येऊ नका म्हणे, बाबाचा डोया बरा होऊ द्या. बाग बाबाच दाखवतीन.