जाळीवरचा टॉवेल

दातांच्या डॉक्टरकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह रोज दुपारी तापून बंद पडायचा, ताई. साहेब म्हणाले, आज दोष सापडला नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

"मग रे?"

"मोटर बघितली, केबल बघितली, सगळं ठणठणीत. शेवटी ड्राइव्ह बसवलेल्या पॅनेलच्या मागे गेलो. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर ओला टॉवेल वाळत घातलेला!"

"कुणाचा?"

"साहेबांचा. दुपारी पोहून येतात ना."

"अगं बाई! काय बोललास त्यांना?"

"टॉवेलाची घडी घालून त्यांच्या खुर्चीवर ठेवली."

"आणि नोकरी?"

"आहे की! आठवडा झाला, ड्राइव्ह एकदाही बंद पडला नाही. साहेब हल्ली आधी मला नमस्कार करतात."