शनिवारची सुट्टी

मीना : अगं, एवढंसं काय घेतलंस? बुफे आहे हा. परत परत उठायचं असतं.

संध्या : सुरुवात कशाने करायची तेच कळेना. इडलीच्या शेजारी केक मांडलाय.

मीना : ब्रंच म्हणतात त्याला. नाश्ता आणि जेवण एकदमच उरकायचं. गंगापूर रोडला हे हॉटेल उघडल्यापासून आमच्या बँकेत दुसरा विषय नाही. म्हटलं, आपणही बघू. आणि हे काय, कलिंगडावर पनीर?

संध्या : चीज आहे ते. तिथे पाटी होती.

मीना : शाळेच्या बाई शेवटी. पाटी वाचल्याशिवाय घास उचलणार नाहीत. तो मोबाइल बाजूला ठेव ना, सांडेल काहीतरी त्याच्यावर.

संध्या : राहू दे. यांचा फोन येईल. आज रविवार, तिकडे सुट्टी असते.

मीना : धनराजभाऊंना रविवारी सुट्टी? नवल आहे.

संध्या : तेच तर. इतकी वर्षं इथल्या अंबडच्या कंपनीत यांची सुट्टी शनिवारी आणि माझी रविवारी. दोघांना मिळून एक अख्खा दिवस कधी मिळाला नाही. आता कंपनीने पार उत्तरेत रुद्रपूरला नवा प्लांट काढला, तिथे रविवारची सुट्टी आहे. जमलं एकदाचं. फक्त मध्ये दीड दिवसाची रेल्वे आहे.

मीना : माझ्या भावाच्या लग्नातही तू एकटीच आली होतीस. मावशी मला विचारत होती, हिला नवरा आहे ना गं? पण त्यांना वर्षासाठीच पाठवलं होतं ना? मशीन बसवायची आणि परत यायचं.

संध्या : वर्ष झालं. आता साहेब म्हणतात, इथेच राहा, सुपरवायझर करतो. नाहीतर परत अंबडला आपल्या जुन्या मशीनवर जा. उद्या उत्तर द्यायचंय.

मीना : मग भाऊ काय म्हणतात?

संध्या : तू म्हणशील तसं. आठवडाभर हेच चाललंय.

मीना : मग म्हण की, या.

संध्या : म्हटलं तर ते येतील, मीना. त्याचीच भीती वाटते. यांच्या मागून लागलेली पोरं सुपरवायझर झाली. यांना पहिल्यांदाच कोणी खुर्ची देतंय, आणि ती सोडा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

मीना : मग तू जा तिकडे.

संध्या : आणि महापालिकेची शाळा पिशवीत घालून नेऊ? शिवाय लेकीची, राखीची बारावी आहे.

मीना : बरं, भाऊंचं राहू दे, राखीचंही राहू दे. तुला काय हवंय?

संध्या : मला ते घरी हवेत. दुसरं काय हवं असणार? संध्याकाळी जिन्यात कोणाचीही पावलं वाजली तरी मी गॅस बारीक करते. मग शेजारचं दार उघडतं.

मीना : खा थोडं. गार होतंय.

संध्या : तुझं हे ब्रंच आम्ही दर शनिवारी करायचो, माहितेय? शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. घरी यावं तर हे ओट्यापाशी. नागलीच्या भाकरी थापून तयार, पातेल्यात उडदाच्या डाळीचं भुजं रटरटतंय. पेठ तालुक्यातले ना, आईजवळ बसून शिकलेले. ओटा सगळा पिठाने माखलेला. आणि स्वतः सकाळपासून नुसत्या चहावर. मी आल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

मीना : आणि मघाशी म्हणालीस, दोघांना मिळून दिवस मिळाला नाही.

संध्या : अख्खा नाही मिळाला, असं म्हणाले मी.

(संध्याचा मोबाइल वाजतो.)

मीना : स्पीकरवर टाक. मलाही बोलू दे. भाऊ, नमस्कार. मीना बोलतेय.

धनराज : मीनाताई? कुठं बसल्या दोघी? लय गलका येतोय.

मीना : नव्या हॉटेलात. तुमच्या बायकोने कलिंगडावर चीज घेतलंय.

धनराज : मग पोट भरायचं नाय तिचं.

संध्या : तुम्ही जेवलात का?

धनराज : नाय अजून. भाकरी झाल्यात करून.

संध्या : मग बसा ना जेवायला. गार होतील.

धनराज : व्हतात गार. दर रविवारी व्हतात. केल्या की जरा बसून राहतो. कोणी येणार नाय, म्हाइत हाय, तरी दाराकडं नजर जाते. सवय मोडंना.

मीना : मी चहा घेऊन येते.

संध्या : बस गं.

धनराज : संध्या, साहेबाला उद्या सांगायचंय. काय ठरवलं तू?

संध्या : खुर्ची सोडवेल तुम्हाला?

धनराज : खुर्ची चांगली हाय, खोटं कशाला बोलू. पण तिच्यावरून उठलो का जायचं या खोलीवरच. तिकडं आलो तर परत तेच मशीन, परत तीच शनिवारची सुट्टी. तुझ्या रविवारी मी कामावर. पहिल्यासारखंच सगळं. चालंल तुला?

संध्या : अहो, माझी शनिवारची शाळा अजून साडेअकरालाच सुटते.